भाड्याची तलवार

व्हर्सायच्या राजवाड्यात राजाचं जेवण बघायला कुणीही जाऊ शकायचं, फक्त पुरुषाच्या कमरेला तलवार हवी. ज्याच्याकडे नसेल त्याला फाटकावरचा म्हातारा गास्पार भाड्याने द्यायचा. पॅरिसचा विणकर तिबो दर वर्षी मिठावरच्या कराचं गाऱ्हाणं घेऊन पायी यायचा, तलवार बांधून आत जायचा आणि खांदे पाडून बाहेर यायचा.

"या खेपेला तरी बोललास का?" त्याच्या कमरेचा पट्टा सोडवत गास्पारने विचारलं.

"तोंड उघडलं, तर शिपाई म्हणाला, गप्प, महाराज सूप पिताहेत."

"मग दुसऱ्या कुणाला तरी सांगायचंस."

"दुसरं आहे कोण, काका? कर लावणार तेच, माफ करणार तेच, अन् ते जेवताहेत." तिबोने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला. "ही एकदा उपसून बघू?"

"नको रे बाबा, आत गंजून बसलीय. ओढलीस तर नुसती मूठ हातात येईल." गास्पारने जांभई दिली आणि तलवार खुंटीला अडकवली.

पुढच्या ऑक्टोबरात, १७८९ साली, भर पावसात पॅरिसहून हजारो भुकेले बायका-पुरुष भाले-कोयते घेऊन चालत आले आणि फाटकाला भिडले. सगळ्यात पुढे चिंब भिजलेला तिबो दिसला, तशी गास्पारने सवयीने खुंटीवरची तलवार काढून त्याच्यापुढे धरली.

 

"राहू द्या, काका. आज सगळे आपापलं घेऊन आलेत."