बाबांचा ट्रॅक्टर

ट्रॅक्टर विकत घ्यायला फर्गस अकरा वाजता येणार होता आणि घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची वाट वीतभर बर्फाखाली गडप झाली होती. अंबरीश तासभर फावडं घेऊन झगडत होता. मोकळी झाली होती ती गाडीपुढची चार पावलं. लंडनजवळ स्लाऊच्या ऑफिसात वीस वर्षं बसलेली त्याची पाठ आता बोंब मारत होती.

कौन्सिलची बर्फ काढणारी गाडी इथे येत नाही. ग्लासगोबाहेरची ही वाट खासगी, दोनच घरांची, शिवाय चढाची. तेरा वर्षं ती साफ ठेवली बाबांनी, आपल्या छोट्या ट्रॅक्टरवर. डॉक्टर शशिकांत रिटायर झाले, ट्रॅक्टर आणला, आणि तेव्हापासून दर रविवारी फोनवर त्याचंच पुराण. उन्हाळ्यात पाऊण एकर गवत कसं पट्ट्यापट्ट्याने कापलं, उतारावर पाती किती उचलायची, थंडीत बर्फ कुठल्या अंगाला ढकलायचा. अंबरीशला बापाचा केवढा अभिमान. त्या लॉनचे फोटो तो ऑफिसभर दाखवत फिरायचा.

नोव्हेंबरात बाबा गेले. आता हे सगळं कोण करणार, असं म्हणून अंबरीशने परस्पर ठरवून टाकलं: आधी ट्रॅक्टर विकायचा, मग घर, आणि आईला स्लाऊला न्यायचं. सुलक्षणाबाईंनी ऐकून घेतलं. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. दोन दिवस त्या मुकाट्याने कपाटं आवरत होत्या. त्यांना तिथून हलायचं नव्हतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. अंबरीशला दिसलं नाही.

पावणेनऊला त्या बाहेर आल्या. शेजारच्या मोरागबाई नव्वदीच्या, आणि त्यांना इन्सुलिन द्यायला सव्वानऊला नर्स यायची होती.

"गाडी बाजूला घे," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"आई, तू आत जा. स्लिप होशील. आय विल मॅनेज."

त्यांनी शेडचं दार उघडलं आणि ट्रॅक्टरवर चढल्या. बाबा सहा फुटी, पण सीट पुढे सरकवावी लागली नाही. किल्ली अर्धी फिरवून त्या थांबल्या. इंजिन तापल्याची खूण म्हणून समोरचा दिवा विझला, तेव्हा ते सुरू केलं. पुढचं पातं खाली आणलं ते जमिनीपासून बोटभर वरच, नाहीतर वाटेवरची खडी उखडून येते. मग पातं तिरकं केलं. बर्फ ओढ्याच्या बाजूला पडत गेला, मोरागबाईंच्या फाटकापुढे चिमूटभरसुद्धा नाही. पाच फुटांची, सत्तरीची बाई, अंगात नवऱ्याचा कोट, आणि काय ती ऐट. अंबरीशने घाईने गाडी बाजूला घेतली आणि फावड्यावर रेलून बघतच राहिला. वीस मिनिटांत वाट मोकळी झाली आणि नर्सची गाडी वेळेवर वर आली.

अकराला फर्गस आला. तो गावातला मेकॅनिक. ट्रॅक्टर विकला होता त्यानेच, आणि दर ऑक्टोबरात बर्फाचं पातंही तोच बसवून द्यायचा. अंबरीशचा ऊर अजून भरलेला होता. बाबांनी जाण्याआधी आईलासुद्धा कसं तयार करून ठेवलं, हे त्याने फर्गसला मोठ्या कौतुकाने ऐकवलं.

फर्गस जरा गोंधळला. सुलक्षणाबाईंकडे बघून घेतलं, मग बोलला.

"तुझे बाबा? त्यांनी पहिल्याच दिवशी तो कुंपणात घातला. परत कधी बसले नाहीत. तेरा वर्षं तुझ्या आईनेच चालवला. बाबा दारात उभे असायचे, तिच्यासाठी चहा घेऊन."

अंबरीश आईकडे वळला. राहतं घर सुटायची वेळ आली होती, पण नवऱ्याची फुशारकी उघडी पडू नये म्हणून ही बाई गप्प बसली होती. त्याला तिचं कौतुक वाटलं आणि स्वतःची लाज वाटली.

"तू मला सांगितलं का नाही?"

सुलक्षणाबाईंनी पात्याला चिकटलेला बर्फ बुटाने झाडला.

"त्यांना सांगायला आवडायचं," त्या म्हणाल्या. "मला चालवायला आवडतं."