चोरीला गेलेला ठेका

ही २०२३ सालची गोष्ट. गणपतीच्या मिरवणुकीत, ऐन बुधवार पेठेत, बापूरावांच्या ढोलपथकाने नवा ठेका धरला आणि दिग्विजयचं डोकं फिरलं. ठेका त्याचा होता. त्याच्या पथकाने तो अजून वाजवलासुद्धा नव्हता.

चोरी होऊ नये म्हणून त्याने काय काय केलं होतं! वकील गाठला. तो म्हणाला, ठेक्याची नोंदबिंद विसरा, लपवता येईल तेवढा लपवा. नदीपात्रातला सराव अर्ध्या पुण्याला ऐकू जातो, म्हणून त्याने पोरांना पार मांजरीला, उसातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. मोबाइल पोत्यात जमा. ढोलांऐवजी जुने टायर बडवायचे. पोरं वैतागली, त्यांच्याहून जास्त तो वैतागला. पण वर्षभराच्या सुपाऱ्या या एका ठेक्यावर मिळायच्या होत्या.

एवढं करूनही ठेका फुटला. म्हणजे आपल्यातलाच कोणीतरी. दिग्विजयने रियाजवर आळ घेतला. रियाज पथकाचा ताशेवाला. त्याच्या आजोबांचा ताशा कडाडला की पेठेतल्या बायका हातातलं लाटणं टाकून खिडकीत यायच्या. रियाजचा मावसभाऊ तालिब बापूरावांकडे वाजवत होता, एवढा पुरावा दिग्विजयला पुरला. रियाजने गळ्यातला ताशा उतरवला, वर काड्या ठेवल्या आणि खडकीला घरी निघून गेला.

दुसऱ्या सकाळी दिग्विजय नेहमीच्या चहाच्या दुकानात बापूरावांसमोर जाऊन बसला. रियाजला काय देऊन फोडलंत ते सांगा, म्हणाला.

बापूरावांनी आधी बशीतला चहा संपवला.

"कोण रियाज? अहो, उन्हाळ्यापासून आपण रोज या टेबलावर बोटांनी तोच वाजवताय. मागच्या बाकावर मी असतो. मला वाटलं, मुद्दाम ऐकवताय."

दिग्विजय उसळून काही बोलणार, तोच ते म्हणाले, "आत्तासुद्धा चालूच आहे."

त्याने खाली पाहिलं. चालू होतं.

रियाजच्या घरी तो दोनदा जाऊन आला. त्याच्या आईने, हुस्नबानूंनी, चहा दिला. रियाज आतून बाहेर आला नाही. रियाज आता खडकीत पोरांना ताशा शिकवतो, दारं सताड उघडी टाकून. बापूरावांचे गुडघे गेले, पथक तालिब सांभाळतो. दिग्विजय त्याच दुकानात चहा पितो. एका हातात कप, दुसरा हात खिशात. त्याचा ठेका पुन्हा कोणी चोरला नाही. नवा त्याला सुचलेलाच नाही.