चीज येईपर्यंत

"काका, इथं जेवायला चांगलं कुठं मिळतं?"

पेराश स्टेशनातल्या घड्याळाखाली उभ्या असलेल्या तरुणानं पहिलाच प्रश्न हा विचारला आणि गास्पारची पंचाईत झाली. पॅरिसच्या माणसानं गाडीतून उतरल्या उतरल्या लियोनच्या थंडीला नावं ठेवावीत अशी त्याची अपेक्षा होती. हा तर थेट मुद्द्यावर आला.

गास्पारनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घड्याळाखाली, लाल बॅग. मुलीनं सांगितलेली खूण जुळत होती. पोरगा जुन्या स्टेशनावर उतरला, हेही त्याला आवडलं. नव्या स्टेशनाला तो स्टेशन मानतच नसे. त्याच्या मते तो नुसता दुकानांचा बाजार होता आणि त्यातून चुकून रूळ गेले होते.

"पॅरिसचा ना?"

"हो, काका."

"दिसतंच. चल, आज दिवसभर माझ्याबरोबर जेवायचं."

तरुण क्षणभर गोंधळला, मग खुलून हसला. "दिवसभर?"

"का? पोट घरी विसरलास?"

अपोलीन ही गास्पारची एकुलती एक मुलगी. इस्पितळात नर्स. तिला पॅरिसच्या तिबोशी लग्न करायचं होतं, म्हणजे लियोन सोडून जायचं होतं. "बाबा, तुम्ही हो म्हणालात तरच," असं ती म्हणाली होती. फोटो दाखवायला आली तेव्हा गास्पारनं चष्मा सापडत नाही म्हणून सांगितलं. "तोंड बघून काय करू? खाताना बघेन." मग त्यानं पैज लावली. एक दिवस पोरगा माझ्या हवाली कर. सगळी ताटं साफ केली तर हो. कुठं नाक मुरडलं तर त्यानं आल्या वाटेनं परत जायचं. आणि त्याला यातलं काही सांगायचं नाही.

अपोलीननं हसतच हात पुढं केला होता. तेवढंच गास्पारला खटकलं होतं.

टेकडीवरच्या खानावळीत त्यानं पोराला विणकरांची न्याहारी घातली. गरम सॉसेज, मसूर, जाड बुडाच्या बाटलीतली लाल वाइन.

"सकाळी सकाळी वाइन?"

"मग काय, दूध पाजू? आमचे आजे-पणजे पहाटेपासून माग चालवून यायचे आणि मग हे खायचे."

"मी तर नुसता गाडीत झोपून आलो," तरुण म्हणाला आणि त्यानं आणखी मसूर मागितले.

गास्पारच्या कोटात फोन गुरगुरला. जेवताना तो फोन घेत नसे, आणि आज तर दिवसभर जेवणच होतं.

दुपारी नदीकाठी दोघांनी माशाचे मऊ, फुगलेले गोळे खाल्ले, झिंग्याच्या दाट रश्शातले. तरुणानं रस्सा पावानं असा पुसला की ताट धुवायची गरज उरली नाही.

"पॅरिसमध्ये सांगतात, लियोनची माणसं तुसडी असतात."

"खरं सांगतात. पाव घे."

पोरगा पाकीट काढायला गेला.

"आत ठेव, पॅरिसवाले. नाहीतर आधी पाकीट नदीत जाईल, मग तू."

नावानं हाक मारली की माणूस घरचा होतो. ती घाई गास्पारला करायची नव्हती.

गुलाबी बदामांची टार्ट खाताना तरुणाला राहवलं नाही. "काका, तुम्ही हे सगळं कशासाठी—"

"आमच्याकडं कामाचं बोलणं चीज आल्याशिवाय काढत नाहीत."

"चीज कधी येणार?"

"वजडीनंतर. तिथपर्यंत टिकलास तर."

संध्याकाळी ते जोसेतच्या खानावळीत पोचले. जोसेत गास्पारला चाळीस वर्षं जेवू घालत आणि शिव्या घालत आली होती. तिनं तरुणाकडं बघितलं आणि गास्पारच्या कानाशी लागली. "हाच का?"

"अजून वजडी बाकी आहे," गास्पार पुटपुटला. त्याची सगळी भिस्त आता त्या वजडीवरच होती.

वजडी आली. कांद्यात खरपूस परतलेली, वर सिरक्याचा शिपका. भल्याभल्या पाहुण्यांना या वासानं दार दाखवलं होतं. तरुणानं डोळे मिटून वास घेतला आणि खाली मान घालून खायला लागला. ताट रिकामं झालं तेव्हाच मान वर केली.

"बाई, आणखी मिळेल?"

"गेली रे तुझी पोरगी," जोसेत हळूच म्हणाली आणि वाढायला आत गेली.

गास्पारला स्वतःचंच नवल वाटलं. तो पैज हरला होता, आणि तरी हसत होता. खाणाऱ्या माणसाच्या घरी पोरगी कशी दुःखात राहील? पॅरिस काही चंद्रावर नाही. स्वतःच्या ताटातली वजडी अर्धी टाकून तो चीजची वाट बघत बसला.

पोराचं दुसरं ताटही साफ झालं आणि चीज आलं. ताजं, पांढरं, लसूण आणि कांद्याची पात घातलेलं. गास्पार तोंड पुसून उभा राहिला. बाकीच्या टेबलांवरचे चमचे थांबले.

"आता बोलतो. माझी अपोलीन तुला दिली. खुशाल पॅरिसला ने. पण महिन्यातून एकदा तिला घेऊन यायचं, आणि येताना उपाशी यायचं."

तरुणाचा चमचा तोंडाशी जाता जाता थांबला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. अपोलीन आत आली. तिनं एका लांबलचक माणसाला हाताला धरून ओढत आणलं होतं. त्याच्या खांद्याला लाल बॅग होती.

"बाबा, फोन कशाला बाळगता तुम्ही? तिबो सकाळपासून नव्या स्टेशनात घड्याळाखाली उभा! बाबा येईपर्यंत हलू नकोस, असं मीच सांगितलं होतं. पोटात अन्नाचा कण नाही त्याच्या!"

तिबोचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. तो न विचारता खुर्चीत बसला, पाव तोडला, आणि गास्पारच्या ताटातली गार वजडी खायला लागला. मग त्यानं ताट पुसलं. जोसेतनं आतून आणखी एक भरलं ताट आणून त्याच्यापुढं ठेवलं.

गास्पारनं ते पुसलेलं ताट उचलून बघितलं. मग सावकाश दुसऱ्याकडं वळला.

"मग तू कोण रे?"

"मी?" तरुणानं चमचा खाली ठेवला. "काका, मी फक्त विचारलं होतं, इथं जेवायला चांगलं कुठं मिळतं."