घरपट्टी मागणारी बाई

आमच्या गावात कुणाचंच घर पुरं झालेलं नसतं. घरपट्टीची मोजणी आली की बंगलेवालेसुद्धा एका भिंतीचा गिलावा शिल्लक ठेवून "बांधकाम चालू आहे" सांगतात. काही बांधकामं तीन पिढ्या चालू आहेत.

यंदा ग्रामसेवक टेप घेऊन निवृत्तीच्या आवारात आले. मागच्या दोन खोल्या त्याच्या वारलेल्या भावानं बांधलेल्या. तिथे भावाची बायको द्वारका एकटी राहते. निवृत्ती म्हणाला, "तो गोठा आहे साहेब. लिहू नका."

द्वारका दारात आली. "गोठा नाही, घर आहे. पट्टी लावा."

"गप्प बसा वहिनी. तुमचा कर वाचवतोय."

"कर वाचतोय भाऊजी, पण घर जातंय. गोठा लिहिला की तो तुमचा. मग मला कुठल्या दाव्याला बांधणार?"

पट्टी मागून घेणारं माणूस ग्रामसेवकांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. तिनंच टेपचं टोक धरून भिंतीला लावलं. "ही मोरी धरा. ओटा राहिला, तोही धरा."

"पट्टी कुणाच्या नावे?"

निवृत्तीनं तोंड उघडलं, तोवर तिनं आपलं सबंध नाव सांगून टाकलं होतं, पलीकडच्या आळीला ऐकू जाईल असं.

तिच्या नावाची पावती आली. आता निवृत्ती मागे जाताना आधी खोकतो, चपला बाहेर काढतो आणि विचारतो, "वहिनी, घरात आहात का?"