खिळ्याला टांगलेला नान

शनिवारी सकाळी सव्वासातला वडील दुर्दोनाला न्यायला ताश्कंदच्या वसतिगृहात आले. पहिल्या वर्षाच्या पाच मुली विद्यापीठाने चौथ्या वर्षातल्या सबोहतवर सोपवल्या होत्या. दुर्दोना त्यांतली एक. “तिची आई आजारी आहे. चार दिवसांत आणतो,” वडील म्हणाले. “मग रजई कशाला नेताय, अमाकी?” सबोहतने काकांना विचारावं तसं विचारलं. “वकील होणार वाटतं तू.” “ओपा, जाऊ दे,” दुर्दोना सबोहतला, ताईला म्हणावं तसं, पुटपुटली. तिथली रीत अशी: प्रवासाला निघणाऱ्याने नानचा घास चावायचा, उरलेला घरच्यांनी जपायचा. तो संपवायला माणूस परतायलाच हवा. सबोहतने नान दुर्दोनाच्या तोंडाशी धरला. वडिलांनीच तो चावला. “निघालोय मीही,” ते हसले. सबोहतने तो खिळ्याला टांगला. दुर्दोनाचा फोन तेव्हापासून बंद आहे. काल, अकराव्या दिवशी, वडील एकटेच परतले. तिचं नाव कमी करण्याचा अर्ज त्यांनी दिला. त्या अर्जावर सबोहतची सही लागत नाही.