पूर्ण नाव

गडचिरोलीकडच्या दवाखान्यांत त्या वर्षी नवे कॉम्प्युटर येणार होते. त्यांचं सॉफ्टवेअर चंद्रपूरच्या एका लहानशा कंपनीत शगुफ्ता तपासायची. चाचणी आपोआप चाले. ती कुठल्या डेटाबेसवर चालवायची, एवढं मात्र कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फाइलीत लिहावं लागे. आजवर तिथं रचलेल्या नावांचा डेटाबेस होता आणि सगळं पास व्हायचं. आरोग्य खात्याचे साहेब काम पाहायला येणार त्याच्या आदल्या दिवशी तिनं फाइल बदलली आणि चाचणी खऱ्या पेशंटांच्या नोंदींच्या नकलेवर लावली. पडदा लाल झाला. आडनाव नसलेला एकेक माणूस सॉफ्टवेअरनं नाकारला होता.

"काऊन बदलली फाइल?" मालक अंकुशभाऊ वैतागले. "जुनीच लाव. उद्याचा दिवस निघून जाऊ दे."

"साहेब एक दिवस येतीन, भाऊ. पेशंट तर रोजच येतीन."

 मग अंकुशभाऊंनीच साहेबांना फोन लावून मुदत मागून घेतली, आणि तेवढ्या दिवसांत आडनावाची सक्ती सॉफ्टवेअरमधून काढली गेली.

पुढं नवे कॉम्प्युटर बसल्यावर एका दवाखान्यात सिकलसेलच्या गोळ्या घ्यायला आलेल्या एका बाईला नर्सनं नाव विचारलं.

"मंगली."

"पूर्ण सांग, बाई."

"पूर्णच हाय."

नर्सनं तेवढंच टाइप केलं. मंगली गोळ्या घेऊन दुपारच्या बसनं घरी गेली.