फटीतली प्रतिष्ठा

घराची खरी प्रतिष्ठा दाराची चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत असते. सदाशिव पेठेतल्या अभय आगाशे यांना हे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, मंगळवारी, एका व्हिडिओतून कळलं. बुधवारी रंगारी संजय आला, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं, "रंगाआधी फटी मी भरणार. तुम्ही लोक नुसतं लिंपता."

"सोमवारी माझं मांजरी गावात दुसरं काम आहे, काका."

"कला घाईत होत नाही."

फटीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी, मग सीलंटची नळी, मग ओलं बोट. शुक्रवारी दुपारी एक वाजता पहिली चौकट पुरी झाली आणि आगाशे झोपले. संजय स्टुलावर बसून होता. घरात अजून सहा चौकटी होत्या.

चार वाजता उठून त्यांनी चौकटीवर बॅटरी मारली. "खाली जरा वाकडं झालंय, तेव्हा हात बसला नव्हता. पण हा वरचा कोपरा बघ, कल्याणी. सांधा दिसतो का?"

"नाही हो," बायको म्हणाली.

"संजय, असं जमणार असेल, तर बाकीच्या तुम्ही भरा."

"प्रयत्न करतो, काका."

कपाटाची किल्ली चोराला सापडू नये म्हणून कल्याणी ती गेली सोळा वर्षं त्या कोपऱ्यातल्या फटीत खोल ठेवत असे. दुपारी दोन वाजता तिने ती उकरून काढली होती, आणि फट संजयने दोन मिनिटांत परत भरली होती.